आरसा, दर्पण, ऐना : समानार्थी, पण सारखे नव्हेत

समानार्थी शब्दांच्या शालेय यादीत ‘आरसा’ या शब्दापुढे ‘दर्पण, ऐना’ असे छापलेले असते आणि विद्यार्थी ते मुकाट्याने पाठ करतात. परीक्षेपुरते ते ठीक आहे. मात्र मोटारीच्या बाजूच्या आरशाला कोणी ‘दर्पण’ म्हणू लागले, तर ऐकणारा हसल्यावाचून राहणार नाही.

ही यादी तशी फार जुनी आहे. अमरकोशात ‘दर्पणे मुकुरादर्शौ’ असे तीन शब्द एका दमात सांगितले आहेत. त्यांपैकी ‘मुकुर’ मराठीत रुजला नाही. तो कोशात आणि क्वचित एखाद्या पंडिती कवितेत भेटतो. ‘आदर्श’ मात्र दोन वाटांनी आपल्याकडे आला, आणि मला या साऱ्या कुळात तोच सर्वांत रंजक वाटतो. ‘दृश्’ म्हणजे पाहणे या धातूपासून बनलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ज्यात पाहावे ते, म्हणजे आरसाच. प्राकृतातून झिजत झिजत त्याचा ‘आरिसा’ झाला, जे रूप ज्ञानेश्वरीत आढळते, आणि पुढे त्याचाच आजचा ‘आरसा’ झाला. दुसरीकडे तोच शब्द संस्कृतातून जसाच्या तसा उचलला गेला, तेव्हा ज्यात पाहून स्वतःला नीटनेटके करायचे ते, म्हणजे अनुकरणीय, हा अर्थ त्याला चिकटला. त्यामुळे ‘आदर्श विद्यार्थी’ म्हणताना आपण आरशाच्याच सख्ख्या भावाचे नाव घेत असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

‘दर्पण’ची गोष्ट वेगळी आहे. त्याचे नाते पाहण्याशी नसून ‘दृप्’ या धातूशी, म्हणजे दर्पाशी आहे. स्वतःचे रूप दाखवून गर्व चढवणारे ते दर्पण. अशी व्युत्पत्ती असूनही हा शब्द मराठीत भारदस्त ठरला. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत मराठी आणि इंग्रजी अशा दोन स्तंभांचे पत्र सुरू केले, तेव्हा त्याला ‘दर्पण’ हेच नाव दिले. ‘आरसा’ या नावाला तेवढे वजन आले असते, असे मला वाटत नाही. पूजाविधीतही हाच शब्द टिकून आहे. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात लाकडी मूर्तींवर रोज पाणी घालता येत नाही, म्हणून दर्पणात पडलेल्या त्यांच्या प्रतिबिंबाला स्नान घालतात.

‘ऐना’ फारसीतून आला आणि घरगुती बोलण्यात मिसळून गेला. म्हणींमध्ये मात्र ‘आरसा’च हवा. ‘हातच्या काकणाला आरसा कशाला’ या म्हणीत ‘दर्पण’ घालून पाहावे. म्हण तर लंगडतेच, शिवाय लिंगही बदलते, कारण आरसा फुटतो आणि दर्पण फुटते.

या बाबतीत मराठी पाठ्यपुस्तकांनी दाखवलेला विवेक मला मनापासून आवडतो. हिंदी माध्यमाची मुले ‘अवतल दर्पण’ आणि ‘उत्तल दर्पण’ शिकतात, तर आपल्याकडे विज्ञानाच्या तासाला ‘अंतर्गोल आरसा’ आणि ‘बहिर्गोल आरसा’ असे साधे शब्द येतात, आणि आरसा कोणत्या बाजूने गोल आहे हे मुलाला नावावरूनच कळते.