पुठ्ठ्याची आयाळ

चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी सिंह झाले होते. आयाळ पुठ्ठ्याची, शेपूट ताईच्या ओढणीची. डरकाळी फोडली आणि पुढच्या रांगेतली पोरं खो खो हसत सुटली.

इंग्रजी लेखक सी. एस. लुईसला नेमकी हीच धास्ती होती. त्याचं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ १९५० साली आलं. चार भावंडं, एक कपाट आणि कपाटातल्या फरच्या कोटांमागे चक्क बर्फाचं रान. तिथला सिंह अस्लान (तुर्कीत अस्लान म्हणजे सिंहच) दुसऱ्याच्या अपराधापायी मरतो आणि पहाटे जिवंत होतो. हा कोण, ते ओळखायला बायबल पाठ असावं लागत नाही. १९५९मध्ये लुईसनं बीबीसीच्या एका निर्मात्याला कळवलं, की टीव्हीवर माणसानं अस्लानचं सोंग घेतलं तर ती माझ्या लेखी देवनिंदा. कार्टूनची गोष्ट निराळी. तिथेही डिस्नेला टोला होताच : एवढी प्रतिभा, पण सोबत केवढा तो उथळपणा!

आपल्याकडे दशावतारात मेकअप करता करता बिडी ओढणारा माणूस विष्णू होऊन आला, की समोरची आजी हात जोडते. सोंगातही देव उतरतो हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. लुईसच्या डोळ्यांपुढे मात्र इंग्लंडातला पँटोमाइम असणार, म्हणजे नाताळातलं धमाल नाटक. तिथलं जनावर हसण्यासाठीच असतं.

कार्टून आलं ते तो गेल्यावर पंधरा वर्षांनी. १ आणि २ एप्रिल १९७९, अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर, दोन रात्रींत. दिग्दर्शक बिल मेलेंडेझ. हा कोण? तर ‘पीनट्स’ कार्टूनमधल्या स्नूपी कुत्र्याचा आवाज! स्नूपीची ती गुरगुर नि खिदळणं याच्याच गळ्यातलं. परवा ते पाहिलं. एमी मिळालेलं असलं तरी खरं सांगते, चित्रं जेमतेम आहेत. युद्धकाळातली ती भावंडं सत्तरीच्या दशकातल्या कपड्यांत हिंडतात, चेटकीण तर अखंड किंचाळते. पुस्तकातला फादर ख्रिसमस, म्हणजे सांताक्लॉज, गाळलाय. त्याच्या भेटी अस्लानच देतो. गोष्टीच्या दृष्टीनं हे मला पटलंसुद्धा.

मग दगडी मेजावर तो बांधलेला सिंह आला. हसू आलं नाही. बघायला गेलं तर मोजक्या रेषा. माझ्या आयाळीला फ्रीजचा अख्खा खोका लागला होता.