मूळ फोटोचा हॅश झाला, कोलाजचा राहिला

रात्री ११:४० ला चॅटवर पहिलाच मेसेज आला: “पैसे दिले तर खरंच डिलीट करतात का?” नाव नाही, गाव नाही. मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेसाठी चालणाऱ्या आमच्या हेल्पलाइनवर जे मूल असं थेट प्रश्नावर येतं, ते बहुतेकदा घड्याळाकडे बघत टाइप करत असतं. इथंही तेच होतं. समोरच्यानं वीस मिनिटांची मुदत दिली होती, त्यातली अकरा उरली होती.

मुलगा १५ वर्षांचा. संध्याकाळी एका ‘मुली’च्या खात्यावरून ओळख, तासाभरात “इथं नको, त्या ॲपवर ये”, तिकडे आधी तिचा फोटो, मग “आता तुझा”. यानं एक फोटो पाठवला, त्यानंतर छोटा व्हिडिओ कॉल झाला. कॉल तुटल्यावर दोनच मिनिटांत कोलाज आला: डावीकडे प्रोफाइलवरचा चेहरा, उजवीकडे पाठवलेला फोटो, खाली फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट, वर लाल अक्षरांत त्याचं पूर्ण नाव. सेक्सटॉर्शनचा, म्हणजे खासगी फोटो पसरवण्याची धमकी देऊन पैसे उकळण्याचा, हा ठरलेला साचा. पलीकडे मुलगी नसते. तयार वाक्यं चिकटवणारा कुणी तरी असतो आणि तो त्याच वेळी आणखी काही मुलांशी हेच बोलत असू शकतो.

मदतीचे टप्पे आमच्याकडे ठरलेले आहेत, पण त्यांच्याही आधी दोन प्रश्न असतात. घरात आत्ता कोण जागं आहे? आणि जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का? दुसरा प्रश्न आडवळणानं विचारायचा नाही. विचारल्यामुळे मुलाच्या डोक्यात तसलं काही शिरतं, हा गैरसमज आहे. त्यानं “माहीत नाही” असं लिहिलं. म्हणजे पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी कुणाला तरी उठवणं आलं. “ताई, आई मारेल.” शेवटी तोच तयार झाला, पण एका अटीवर: आईशी आधी मी बोलायचं.

पैशांचा मुद्दा तोवर होऊनच गेला होता. एका गिफ्ट कार्डचा कोड त्यानं देऊन टाकला होता आणि चार मिनिटांत दुसऱ्याची मागणी आली होती. हे असंच होतं, कारण पैसे देणारं मूल म्हणजे आणखी देऊ शकणारं मूल. कार्ड आणि पावती फेकायची नाही. कोड अजून वापरला गेला नसेल तर कार्ड देणारी कंपनी कधीकधी तो गोठवू शकते.

आई फोनवर आल्या त्या थेट “मी याचा मोबाइल फॉरमॅटच मारते” इथूनच. रागाचं समजू शकतं, पण अशा प्रकरणात याहून महागडी चूक नाही. फॉरमॅट केलं की चॅट गेलं, फोटो गेला, आणि खंडणीखोराच्या हातात मात्र सगळं तसंच राहिलं.

क्रम असा: आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. डिलीट करायचंच नाही. स्क्रीनशॉट धमकीचे, पैशांच्या मागणीचे आणि प्रोफाइलचे घ्यायचे. नग्न फोटोचा घ्यायचा नाही आणि तो आम्हालासुद्धा पाठवायचा नाही. अल्पवयीन मुलाचं असं चित्र पुढे पाठवणं कित्येक देशांत गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. युजरनेम टाइप करून देऊ नका, लिंक कॉपी करा, असा आमचा आग्रह असतो, कारण एक अंडरस्कोर की दोन, हे घाबरलेल्या माणसाला दिसत नाही. वेळ लिहिताना वेळक्षेत्रही लिहायचं, नाहीतर कंपनीच्या नोंदींशी ती जुळवताना घोळ होतो.

रिपोर्ट चॅटच्या आतूनच करायचा. खंडणीखोर युजरनेम बदलतात आणि लिंक मरते. आतून केलेला रिपोर्ट मात्र खात्याच्या अंतर्गत क्रमांकाला चिकटतो. दुसरं कारण एन्क्रिप्शनचं. व्हॉट्सॲपसारख्या ॲपवर कंपनीला मजकूर दिसत नाही, पण खातं रिपोर्ट केलं की त्या खात्याकडून आलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. इथली गंमत कडू आहे: धमकी दिल्यानंतर समोरचा “?”, “?”, “time”, “ok”, “?” असं पाठवत बसतो आणि शेवटच्या पाचांत धमकी उरतच नाही. म्हणून धमकीच्या मेसेजवर बोट दाबून ठेवून तोच मेसेज रिपोर्ट करायचा.

आमच्या मुलानं हे सगळं उलट्या क्रमानं केलं होतं. पहिल्या ॲपवर त्यानं चॅट डिलीट केलं, खातं ‘खोटं प्रोफाइल’ या प्रकारात रिपोर्ट केलं आणि ब्लॉक केलं. अर्ध्या तासात उत्तर आलं: नियमभंग आढळला नाही. आढळणार तरी कसा? त्या प्रकारात बहुधा प्रोफाइलच तपासलं जातं आणि प्रोफाइलवर तीन सूर्यास्त आणि एक कुत्र्याचं पिल्लू होतं.

प्रकार कुठला निवडायचा, हा नुसता फॉर्मचा प्रश्न नाही. अमेरिकी कायद्यानुसार तिथल्या कंपन्यांना मुलांच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाली की नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रेन या संस्थेच्या सायबरटिपलाइनला कळवावंच लागतं. शोधत बसण्याची सक्ती नाही. कळलं तर कळवण्याची आहे. असं कळवल्यावर संबंधित मजकूर जपून ठेवावा लागतो. आधी ही मुदत ९० दिवस होती, २०२४ च्या दुरुस्तीनं ती एक वर्ष झाली. खातं निव्वळ ‘खोटं’ म्हणून उडालं तर या साखळीतलं काहीच सुरू होत नाही. खातं गेल्याचा आनंद होतो आणि पोलीस विचारायला जातात तेव्हा हाती काही लागत नाही. म्हणून ‘खासगी फोटो पसरवण्याची धमकी’ हा पर्याय, आणि १८ वर्षांखालील असल्याचा उल्लेख, दोन्ही हवेत. दुसऱ्या ॲपवर चॅट शाबूत होतं. तिथून त्यानं ते बरोबर केलं. पहिल्या कंपनीकडे आम्ही संस्थांसाठी असलेल्या वेगळ्या मार्गानं गेलो. त्या फॉर्मनं आक्षेपार्ह मजकुराची लिंक मागितली. खासगी मेसेजला लिंक नसते, हे त्या कंपनीला ठाऊक असणारच. रकाना तरीही सक्तीचा होता. आम्ही तिथं प्रोफाइलची लिंक भरली आणि खरी माहिती ‘इतर’मध्ये लिहिली.

आता फोटो. ‘टेक इट डाउन’ ही त्याच अमेरिकी संस्थेची मोफत सेवा, २०२३ च्या फेब्रुवारीत जाहीर झालेली. पानावर जाऊन आपल्याच फोनमधली फाइल निवडायची. फाइल फोन सोडत नाही. तिचा हॅश, म्हणजे आकड्यांचा ठसा, तेवढा जातो आणि सहभागी कंपन्या तो आपल्याकडच्या चित्रांशी ताडून बघतात. एन्क्रिप्टेड चॅटमध्ये हे चालत नाही.

पण हॅशला फाइल लागते, आणि मुलानं ती गॅलरीतून काढली होती. आयफोनच्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये फोटो ३० दिवस राहतो. गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला ६० दिवस, न झालेला ३० दिवस. फोटो तिथं सापडला, परत आणला, हॅश झाला. तेव्हा १२:५५ झाले होते.

आणि तेवढ्यात मावसभावाचा मेसेज आला. त्याला काही तरी मिळालं होतं. फोटो नव्हे, कोलाज.

इथं मूळ फोटोचा हॅश निरुपयोगी. या क्षेत्रात वापरला जाणारा पीडीक्यू हा हॅश मेटानं (तेव्हाचं नाव फेसबुक) २०१९ मध्ये खुला केला. तो चित्र आधी ६४ बाय ६४ एवढं लहान करतो आणि उजेड-अंधाराच्या एकूण रचनेतून २५६ बिट, म्हणजे शून्य-एकचे आकडे, काढतो. दोन चित्रांतले ३१ पर्यंत बिट वेगळे असतील तर चित्र तेच मानायचं, असा शिफारस केलेला उंबरठा आहे. आकार बदलला, पुन्हा सेव्ह केलं, दर्जा घसरला तर तो टिकतो. बऱ्यापैकी क्रॉप, चौकट, कोलाज यांपुढे टिकत नाही, कारण एकूण रचनाच बदलते. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन चित्रांत साधारण निम्मे, म्हणजे १२८ च्या आसपास बिट वेगळे असतात. कोलाज आणि मूळ फोटो हॅशच्या नजरेला जवळपास तसेच परके. खंडणीखोरांना हे गणित माहीत असेल असं मला वाटत नाही. ते कोलाज करतात भीती घालण्यासाठी. हॅश चुकतो तो फुकटचा फायदा.

म्हणजे कोलाजचा स्वतंत्र हॅश हवा, आणि मुलाकडे तो ‘एकदाच पाहा’ स्वरूपात आला होता, निघून गेला होता. मावसभावाच्या फोनवर मात्र होता. “फॉरवर्ड करायला सांगू का?” आईंनी विचारलं. नाही. फाइल हलवायची नाही, माणसानं हलायचं. सकाळी मुलगा आईबरोबर तिकडे गेला, त्याच फोनवर पान उघडलं, फाइल निवडली, हॅश झाला. मग मावसभावानं आपल्या चॅटमधून त्या खात्याचा रिपोर्ट केला (प्रत्यक्ष पसरवल्याचा पुरावा त्याच्याकडेच होता), धमकीचे आणि प्रोफाइलचे स्क्रीनशॉट ठेवले, पोलिसांकडची नोंद झाल्यावर त्यांना विचारून चित्र पुसलं.

पहिल्या ॲपवरचं खातं दुपारी बंद झालं. संध्याकाळी दुसऱ्या नावानं मुलाला विनंती आली, तेच कुत्र्याचं पिल्लू घेऊन. उत्तर द्यायचं नाही एवढंच त्याला सांगितलं होतं. त्यानं स्क्रीनशॉट घेतला, रिपोर्ट केला, ब्लॉक केलं, आणि क्रम बरोबर आहे ना असं चॅटवर विचारलं.

व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग असेल तर ते फक्त पलीकडे आहे. त्याची फाइल कुणाकडेच नाही, त्यामुळे हॅशही नाही. आमच्या नोंदीत मूळ फोटो आणि कोलाज यांच्यापुढे तारीख आहे, रेकॉर्डिंगपुढे काही नाही. आईंना महिनाभर दर आठवड्याला फोन करायचा ठरला आहे.