तुम्ही विचारलंत म्हणून: एकच प्रश्न, चार भाषा

जर्मनची भाषांतरं करते म्हटलं की पुण्यात दोन प्रश्न ठरलेले. 'मुलाला कुठला क्लास लावू?' याचं उत्तर इथे देत नाही. दुसरा भाषा शिकणाऱ्या पोरांकडून येतो: 'ताई, एकच गोष्ट गूगलवर मराठीत, जर्मनमध्ये, इंग्रजीत शोधली आणि निकाल शेजारी शेजारी ठेवले, तर त्या लोकांची संस्कृती कळेल का?' बहुतेकांना त्यावर प्रोजेक्ट करायचा असतो.

कळते, थोडीफार. पण काय विचारता यावर सगळं आहे.

पोरं हमखास 'शोध कोणी लावला' पासून सुरुवात करतात. रेडिओ घ्या. इंग्रजीत नि इटालियनमध्ये मार्कोनी. १८९६ चा ब्रिटिश पेटंटचा अर्ज, १९०९ चं नोबेल. रशियनमध्ये अलेक्सांद्र पपोव. त्यांनी ७ मे १८९५ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये आपलं यंत्र दाखवलं, म्हणून तिथे ७ मे हा रेडिओदिन. बंगालीत जगदीशचंद्र बोस. जर्मन लोक रेडिओलहरी प्रयोगाने दाखवणाऱ्या हाइनरिश हर्ट्झपासून सुरू करतात आणि मार्कोनीबरोबर नोबेल वाटून घेणाऱ्या फर्डिनांड ब्राउनना विसरत नाहीत. यात कुणी खोटं बोलत नाही. शोध लहरींपाशी सुरू झाला, यंत्रापाशी की धंद्यापाशी, एवढंच जो तो आपापल्या सोयीने ठरवतो. मला विचाराल तर यात संस्कृतीपेक्षा शाळेचं पाठ्यपुस्तक जास्त दिसतं.

आपण हसायचं कारण नाही. पहिलं विमान मराठीत शोधा, राइट बंधूंच्या १९०३ च्या आधी १८९५ ची गिरगाव चौपाटी आणि शिवकर बापूजी तळपदे भेटतात. त्या उड्डाणाला पटेल असा पुरावा नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा हवाला देतात त्यातली विमानं उडूच शकणार नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवलं होतं. ब्राझीलवाल्यांचं बरं, त्यांच्या सांतोस द्युमाँनी १९०६ मध्ये पॅरिसला चारचौघांसमोर उड्डाण तरी केलं.

मला स्वतःला घरगुती प्रश्नांत जास्त रस. मुलाला ताप आला तर काय करावं? मराठीत कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या. जर्मन आई ओली फडकी पोटऱ्यांना गुंडाळते, आणि सोबत ताकीद असते की पाय गार असतील किंवा थंडी वाजत असेल तर हे करू नका. दोन्हीकडच्या आयांना वाटतं, सगळं जग असंच करतं. इथे कुणाला पहिला नंबर लावायचा नसतो, म्हणून या उत्तरांवर माझा विश्वास जास्त. गंमत म्हणजे आमच्या लहानपणी तापात पट्ट्या असायच्या कोलन वॉटरच्या, म्हणजे थेट जर्मनीतल्या कोलोन शहराचं नाव लावलेल्या सुगंधी पाण्याच्या. त्यांचं अत्तर आमच्या कपाळावर, त्यांच्या पोटऱ्यांना मात्र साधं नळाचं पाणी!

पण 'मराठीत काही सापडलं नाही, म्हणजे मराठी माणसाला त्यात रस नाही' असं वाक्य लिहिलंत तर मी लाल पेन काढीन. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्या साठवायच्या जागतिक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, तरी आपली छपाई पुढे कित्येक वर्षं श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांत चालली. स्क्रीनवर मराठी दिसायचं, आत मात्र भलतीच अक्षरं साठवलेली. सर्च इंजिनला त्यातलं अवाक्षर कळत नाही. या फॉन्टांच्या कामात पुणं आघाडीवर होतं, सी-डॅक ही सरकारी संगणक संस्थाही इथलीच आणि श्रीलिपीवालेही इथलेच, त्यामुळे हे दुखणं आपल्या ओळखीचं आहे. त्यात निम्मी जनता मराठी रोमन लिपीत टाइप करते. देवनागरीत टाकावं तर निकालांत हिंदी घुसते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींच्या वर होते, जर्मन मातृभाषा असणारेही याच्या फार पुढे नाहीत. पण जर्मन विकिपीडियावर २५ लाखांहून जास्त लेख, आपल्याकडे लाखाच्या आसपास. ही दरी संस्कृतीच्या खात्यावर कशी मांडणार?

निकालांच्या संख्येवरून तक्ते तर करूच नका. तो आकडा सर्च इंजिनचा अंदाज असतो आणि त्यात भरपूर चढउतार होतात. अॅडम किलगॅरिफ या भाषाशास्त्रज्ञाने २००७ मध्येच अशा मोजणीला वाईट विज्ञान म्हटलं होतं.

एवढं ऐकूनही करायचंच असेल तर खात्यातून लॉगआउट व्हा. नुसतं गूगलचं जर्मन पान उघडून जर्मनी मिळत नाही. २०१७ पासून गूगल त्या पानाचा वेबपत्ता न बघता तुम्ही कुठे बसला आहात ते बघतं, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन प्रदेश बदला. चीनसाठी बायडू हे तिथलं सर्च इंजिन वापरा. आणि मराठी प्रश्नाचं शब्दशः जर्मन करू नका, तिथला माणूस जसा विचारेल तसं टाका. अर्धा टाइप केला की खाली सूचना येतात, त्या उतरवून ठेवा. उत्तरं वेबसाइटवाले लिहितात, पण त्या सूचना बऱ्याचशा लोकांनी खरोखर विचारलेल्या प्रश्नांवरून येतात.

विषय हवा असेल तर बाळंतिणीचं खाणंपिणं घ्या. आपल्याकडे डिंकाचे लाडू, आळिवाची खीर आणि जेवणानंतर बाळंतशेप. जर्मनीत अंगावर पाजणाऱ्या आईसाठी खास चहा मिळतो, त्यात बडीशेप असते. फरक शोधायला निघालेल्या प्रोजेक्टमध्ये हे कुठल्या रकान्यात टाकायचं, ते तुमच्या मॅडमना विचारा.