डेव्हनमधलं शेत शोधताना : भारतात बसून वाचलेली मृत्युपत्रं आणि शिरगणती

मुंबई इलाख्यातल्या जुन्या लग्नाच्या नोंदीत गोऱ्या नवऱ्याचं वय, हुद्दा आणि बापाचं नाव मिळतं. गाव मिळत नाही. या नोंदींच्या प्रती लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात एन/३ या मालिकेत आहेत आणि फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. मी माग काढत होतो तो इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या एका शिपायाचा, त्यामुळे गाव निघालं लष्करी कागदांतून. पेन्शन घेऊन सुटलेल्या सैनिकांचे कागद लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या डब्ल्यू.ओ. ९७ या मालिकेत असतात. माणूस कंपनीच्या फौजेतला असेल, तर इंडिया ऑफिसच्याच एल/मिल या लष्करी मालिकेत शोधायचं. कागदावर ठरावीक साचा असतो : ‘सँडफर्ड पॅरिशमध्ये, क्रेडिटन गावात किंवा जवळ, डेव्हन परगण्यात जन्म.’ पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग. साच्यातलं ‘किंवा जवळ’ गांभीर्याने घ्यावं. भरतीचा कारकून बरेचदा बाजाराचं गाव लिहून मोकळा होई. मी क्रेडिटनभोवतालचे सगळे पॅरिश धरूनच पुढे सरकलो.

इंग्लंडच्या शिरगणतीत घराघरातली नावं मिळतात ती १८४१ पासून. वाचायची मात्र उलट्या क्रमाने. १८५१ पासून प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं, वय आणि जन्माचा पॅरिश लिहिलेला असतो. १८४१ मध्ये नातं नाही, जन्माच्या रकान्यात फक्त ‘याच परगण्यात, होय की नाही’, आणि पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणलेलं. ४३ चा माणूस ४० चा दिसतो, ५९ चा ५५ चा. ही सूचना सगळ्याच गणकांनी पाळली नाही, हे आणखी एक. म्हणून १८४१ च्या वयावरून जन्मसाल ठरवलं की पॅरिशच्या बाप्तिस्मा नोंदवहीत भलत्याच पानावर जाऊन पोचतो.

शेतकऱ्यांसाठी १८५१ ते १८८१ या चार शिरगणत्या सोन्यासारख्या आहेत. किती एकर कसतो आणि किती मजूर लावतो, हे शेतकऱ्याने सांगायचं होतं : ‘१२० एकरांचा शेतकरी, ४ मजूर.’ एका दशकात १२०, पुढच्यात ११८, त्याच्या पुढच्यात पुन्हा १२० असं दिसलं, तर शेत तेच, कसणारा बदललेला असू शकतो. आकडा एकदम ४० वर आला, तर बापाच्या मागे वाटणी झाली किंवा खंडाची जमीन सुटली असं धरून मृत्युपत्राकडे वळायचं. १८९१ मध्ये एकर गेले, मालक की नोकर एवढाच रकाना उरला.

आडनावाने शोधून डेव्हनमध्ये हाती फार लागत नाही. टकर नावाची घरं गावोगाव. मी आडनावाचा रकाना मोकळा सोडून पहिलं नाव, जन्माचा पॅरिश आणि अंदाजे वय एवढ्यावर शोधत असे. आडनाव उतरवताना झालेली चूक अशाने आड येत नाही. १८८१ ची प्रतिलिपी फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट आहे, फ्रीसेन हे शिरगणतीचं संकेतस्थळही फुकट. मिळालेल्या पानाचा पूर्ण संदर्भ लगेच टिपून ठेवावा : आधी मालिका, म्हणजे एच.ओ. १०७ (१८४१ आणि १८५१) किंवा आर.जी. ९, १०, ११, १२ (१८६१ ते १८९१), मग पीस (मालिकेतल्या गठ्ठ्याचा क्रमांक) आणि फोलिओ (पानावर शिक्क्याने उमटवलेला क्रमांक). छापील पानक्रमांक प्रत्येक गणकाच्या वहीत पुन्हा एकपासून सुरू होतो, तेव्हा नुसता पानक्रमांक काही कामाचा नाही. फोलिओचा शिक्का एक पान सोडून एकावर असतो.

घरातली माणसं वाचताना डेव्हनची एक खोड ध्यानात ठेवायला हवी. गरिबांच्या मुलांना पॅरिश सक्तीने शेतकऱ्यांकडे शिकाऊ म्हणून बांधून देई. ही सक्ती १८४४ मध्ये उठली. त्यामुळे १८४१ मध्ये शेतकऱ्याच्या घरात दहा-बारा वर्षांचं वेगळ्या आडनावाचं मूल दिसलं की त्याला भाचा-पुतण्या करून वंशावळीत बसवायची घाई नको. तीच गोष्ट घरात राहणाऱ्या सालगड्यांची. ती तरुण पोरं वर्षाच्या कराराने फिरत, पुढच्या शिरगणतीत ती दुसऱ्याच पॅरिशमध्ये सापडतात. एखादा पूर्वज १८५१ मध्ये बापाच्या घरी नसेल, तर मेला म्हणून पुढे जाऊ नये. आजूबाजूच्या शेतांवरचे गडी एकदा चाळावेत.

१८४१ च्या पानावर शेताचं नाव बरेचदा नसतं. तेव्हा टाइथ नकाशा काढायचा. १८३६ च्या कायद्याने चर्चला धान्यरूपाने जाणारा दशांश पैशात बदलला, आणि त्यासाठी पॅरिशोपॅरिशीचे नकाशे झाले. सोबतच्या तक्त्यात प्रत्येक तुकड्याचा क्रमांक, शेताचं नाव, मालक, कसणारा, पीक आणि क्षेत्रफळ. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये असतं. आपल्याला ते सोपं जातं, कारण रूड म्हणजे बरोबर १० गुंठे आणि पर्च म्हणजे पाव गुंठा. शिरगणतीतली शेजारची नावं तक्त्यातल्या कसणाऱ्यांशी जुळवत गेलं की गणक कोणत्या वाटेने चालला ते उमगतं, आणि नाव नसलेलं घर आपोआप जागेवर बसतं. आपल्या सात-बारासारखा हा तक्ता वाचता येतो, फक्त त्याला फेरफाराची साखळी नाही. तो एकाच काळाचा आहे.

ती साखळी मृत्युपत्रांतून जुळवावी लागते. १२ जानेवारी १८५८ पासूनची मृत्युपत्रं सरकारी प्रोबेट यादीत (प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झाल्याचा दाखला) वर्षवार, आडनावाच्या अक्षरक्रमाने आहेत. तिथे दिलेल्या मालमत्तेच्या रकमेवरून श्रीमंती ठरवू नये. १८९८ पर्यंत त्या आकड्यात जमीन धरत नसत आणि कर्जही वजा नसे. कूळ म्हणून कसणाऱ्याची गुरं, अवजारं आणि उभं पीक मिळून मोठा आकडा दिसतो, तर स्वतःची जमीन असलेल्याचा त्याहून लहान.

१८५८ च्या आधी मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत, आणि डेव्हनचा खरा अडथळा इथे आहे. एक्झिटरच्या प्रोबेट कचेरीतली मृत्युपत्रं मे १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. आधी जेन्युकी या वंशावळीच्या संकेतस्थळावरची डेव्हन विल्स प्रोजेक्टची सूची पाहावी. कोणतं मृत्युपत्र कधीकाळी होतं, एवढं तरी कळतं, आणि बराच वेळ वाचतो. मग पर्याय. पहिला, कर खात्याकडे गेलेल्या प्रती : १८१२ ते १८५७ मधल्या डेव्हनच्या अशा प्रती एक्झिटरच्या डेव्हन हेरिटेज सेंटरमध्ये आहेत. दुसरा, १७९६ पासूनच्या मृत्युकराच्या नोंदवह्या, आय.आर. २६. यात कुणाला किती मिळालं आणि त्याचं मृताशी नातं काय, हे असतं. मूळ मृत्युपत्र हाती असलं तरी ही वही बघावी, कारण मृत्युपत्रात ‘उरलेलं सगळं मुलांना’ एवढंच असतं, वहीत नावं सापडू शकतात. तिसरा, कँटरबरीचं वरिष्ठ न्यायालय, प्रोब ११, ज्याची मृत्युपत्रं नॅशनल आर्काइव्हजच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात. साध्या शेतकऱ्याचं तिथे काय काम, असं वाटतं. पण १८१२ पासून बँक ऑफ इंग्लंड फक्त याच न्यायालयाचं प्रोबेट मानत असे, त्यामुळे थोडेफार सरकारी रोखे बाळगणारा शेतकरीही तिथे निघतो. चौथा, बॉम्बच्या आधी ऑलिव्ह मोगर यांनी हाताने करून ठेवलेली मृत्युपत्रांची टिपणं. टिपणात सगळं नसतं, पण नाती असतात.

मृत्युपत्रात थोरला मुलगा नसला तर बापाशी भांडला असं समजायचं कारण नाही. शेत त्याला आधीच मिळालेलं असू शकतं. लग्न झालेल्या मुलींची नवी आडनावं इथे मिळतात, आणि ती घेऊन शिरगणतीत परत गेलं की ‘पाहुणा’ म्हणून नोंदलेला माणूस जावई निघतो. उलट ‘सन-इन-लॉ’ हा त्या काळी सावत्र मुलगाही असे, आणि ‘कझिन’ कुठलाही नातलग. नवरा हयात असलेल्या बाईचं मृत्युपत्र १८८२ च्या कायद्याआधी क्वचितच मिळतं, विधवांची मात्र मिळतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात बोलकी. बाप मुलग्यांपुरतं लिहितो. विधवा आई नातवंडांना आणि भाच्यांना नावानिशी भांडीकुंडी, पलंग, कपडे वाटते.

डेव्हनमध्ये अनेक शेतं ‘तीन जीवांच्या’ भाडेपट्ट्यावर असत : ९९ वर्षं, किंवा पट्ट्यात नावं दिलेली तीन माणसं हयात असेतोवर. शेतकरी बहुधा पोरांचीच नावं घाले, कारण ती जास्त जगतील. असा पट्टा जंगम मालमत्तेत मोडे, म्हणून तो मृत्युपत्रातून पुढे जाई. मृत्युपत्रात ‘तीन जीवांचा पट्टा’ दिसला की जमीनदाराच्या इस्टेटीची कागदपत्रं मागवायची. मालक कोण, ते टाइथच्या तक्त्यातून कळलेलंच असतं. पट्ट्यात त्या तिघांची नावं, बहुधा वयं आणि नातीही असतात. जळालेल्या मृत्युपत्राची भरपाई याने जितकी होते तितकी दुसऱ्या कशाने होत नाही.

१७३३ च्या मागे गेलं की प्रोबेटचा शेरा लॅटिनमध्ये येतो, मृत्युपत्र मात्र इंग्रजीतच. १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणजे ‘१० फेब्रुवारी १७३१’ हे आपल्या हिशेबाने १७३२. प्रतीची मागणी करताना साल १७३१/३२ असं लिहावं, सोबत पॅरिश, न्यायालय आणि संदर्भ क्रमांक द्यावा. नुसतं नाव आणि साल पाठवलं की वेळाने शोध घेण्याच्या शुल्काचं पत्र येतं.