मंडळी नावाचं कासव

(माजी विद्यार्थी, दहावी १९८६)

सरांनी पिशवीतून एक गोटा नारळ काढला आणि पहिल्या बाकावरच्या पोराच्या कानाशी धरून हलवला. खुडखुड. मग दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. आमच्याकडे घरोघरी माळ्यावर गोटे पडलेले असायचे, त्यामुळे सर त्यात काय नवीन दाखवतायत ते कुणालाच कळेना. शेवटच्या बाकापर्यंत जाऊन आले आणि फळ्यावर एकच इंग्रजी शब्द लिहिला, रॅटल. म्हणाले, "दुष्काळात कासव इतकं वाळलं होतं, की त्याचं अंग कवचात असं वाजायचं."

नववी अ, १९८४. तो शब्द मी कधी पाठ केला नाही आणि विसरलोही नाही.

आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. शब्दार्थाची वही, मधोमध रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि सगळा माल गाईडातून उतरवलेला. 'कॅरेक्टर स्केच' विचारलं तर 'तो शूर, दयाळू व प्रामाणिक होता' हे वाक्य कुठल्याही धड्याच्या कुठल्याही माणसाला चालायचं. सरांनी ते मोडलं, आणि त्यांची युक्ती आता विचार केला तर अगदी साधी होती. त्यांनी आम्हाला अशी गोष्ट दिली, जिचं गाईड तालुक्यातल्या कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं.

सर नायजेरियाहून परत आले होते. १९७६ साली तिथल्या सरकारने सर्वांना मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. तेलाचा पैसा होता, शाळा निघत होत्या आणि शिकवायला माणसं नव्हती, तेव्हा भारतातून पुष्कळ शिक्षक तिकडे गेले. सर एनुगूजवळच्या एका शाळेत सहा वर्षं होते. येताना लोकांनी टेपरेकॉर्डर आणले. सरांनीही आणला असेल, पण आम्ही पाहिलं ते नारिंगी पाठीचं एक पुस्तक, चिनुआ अचेबे यांचं 'थिंग्ज फॉल अपार्ट'. कादंबरी १९५८ची, लेखक त्याच मुलखातले, तिथल्या इग्बो समाजाचे. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला सर ते उघडायचे. निम्मं मराठीत सांगायचे, मधेच एखादं वाक्य तसंच्या तसं इंग्रजीत वाचायचे.

कासवाची गोष्ट या कादंबरीत एक आई आपल्या मुलीला रात्री सांगते. पक्ष्यांना आभाळात जेवणाचं आमंत्रण असतं. कासव गोड बोलून प्रत्येकाकडून एकेक पीस घेतं, पंख करतं आणि निघतं. वाटेत सांगतं, मोठ्या जेवणाला जाताना नवं नाव घ्यायची रीत आहे. पक्षी आपापली नावं घेतात. हे घेतं 'ऑल ऑफ यू'. वर गेल्यावर विचारतं, हे जेवण कोणासाठी? यजमान म्हणतात, ऑल ऑफ यू. झालं. पक्ष्यांच्या वाट्याला उष्टं.

"आता याला मराठी नाव द्या," सर म्हणाले.

आम्ही तोंडातल्या तोंडात 'तुम्ही सगळे' म्हटलं. सर म्हणाले, "यजमान काय म्हणेल? तुम्ही सगळेसाठी?" तो तर 'तुम्हा सगळ्यांसाठी' म्हणणार, आणि नाव बदललं की कासवाची चोरी उघडी पडणार! 'समस्त' सुचवलं, पण असं कोण बोलतं? सामान्यरूप हा प्रकार व्याकरणाच्या तासाला आम्ही दोन वर्षं घोकत होतो. तो कशासाठी असतो ते त्या दिवशी कळलं, कारण तो आमच्या कासवाच्या आड आला होता. शेवटी खिडकीपाशी बसणारी एक मुलगी, जी एरवी वर्गात तोंड उघडत नसे, म्हणाली, "सर, मंडळी."

"जेवण कोणासाठी?"

"मंडळींसाठी."

कानाला काहीच फरक लागत नाही. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "सर, आमचे आजोबा आजीला मंडळी म्हणतात," आणि वर्ग पाच मिनिटं हाताबाहेर गेला. सरांनी तेही फळ्यावर घेतलं. एक शब्द, दोन अर्थ. वहीच्या उजव्या बाजूला दोघांना जागा पुरली नाही.

पुढे पक्षी चिडून आपापली पिसं काढून घेतात. कासव निरोप पाठवतं, बायकोला सांगा, घरातलं मऊमऊ सगळं अंगणात पसरून ठेव. पोपट बरोबर उलटा निरोप देतो. खाली कुदळी, कोयते, भाले, बंदुका. कवचाचे तुकडे होतात आणि वैदू ते सांधतो, म्हणून कासवाची पाठ अजून गुळगुळीत नाही. आम्हाला अर्थातच पंचतंत्रातलं कासव आठवलं, दोन हंसांच्या मधल्या काठीला तोंडाने लटकलेलं. दोघंही आभाळातून पडली आणि दोघांनाही तोंड नडलं, असं आम्ही म्हणालो. सरांना पुरलं नाही. "ते कशाने पडलं? हे कशाने पडलं? पाडलं कोणी?" एक बोलल्यामुळे, एक खाल्ल्यामुळे; एकाला पाडणारं कुणीच नाही, दुसऱ्याला पाडणारे बरेच. कथानक, संघर्ष हे शब्द सरांनी यानंतर काढले, आधी नाही.

मला अजून आवडते ती त्या लहान मुलीची तक्रार. गोष्ट ऐकून ती आईला म्हणते, हिच्यात गाणं नाही. आई कबूल करते की नाही, गाणं असलेली दुसरी आठवीन. आम्ही लगेच "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" सुरू केलं. गोष्टीच्या घटकांत गाणं कुठल्याच पाठ्यपुस्तकाने धरलेलं नाही, पण आफ्रिकेतल्या आणि कोकणातल्या पोरांचं त्यावर एकमत होतं.

शब्दांचं असंच. कादंबरीत म्हटलंय की म्हणी म्हणजे ज्याच्याबरोबर शब्द खायचे ते पामतेल. आम्ही हसलो, कारण पामतेल म्हणजे रेशनवरचं. सरांनी तिकडचं लाल, दाट तेल कसं असतं ते सांगितलं आणि विचारलं, मग आपल्याकडे काय? लोणचं, तूप, ओलं खोबरं, असे वर्गात तट पडले. 'यॅम'ला शब्दकोशात सुरण होतं. सर म्हणाले, सुरण नव्हे, आणि पुढच्या शनिवारी उकडलेले करांदे घेऊन आले. तिकडचा त्याच कुळातला, पण हा बोटभर तर तो हातभर. तो पिकांचा राजा, पुरुषाचं पीक, त्याच्यावर माणसाची पत ठरते. पाहुणा आला की कोलाचं फळ फोडायचं हे मात्र समजावून सांगावं लागलं नाही. दारात सुपारीच्या बागा असलेल्या पोरांना पानाचं तबक काय सांगायचं? आणि 'कोटमा' तर आम्ही खेळात घेतला. कोर्ट मेसेंजर, म्हणजे गोऱ्यांच्या कोर्टाचे शिपाई, या शब्दाचं इग्बो तोंडात झालेलं रूप. राखाडी अर्ध्या चड्ड्यांवरून लोकांनी त्यांना आणखी एक नाव ठेवलं होतं, ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही. सरांनी घरून असे शब्द आणायला सांगितले. ठेसन, डागदर, बालिस्टर, इंजान आले. त्या वयात आम्हाला हे शब्द बोलणाऱ्या आजीची लाज वाटायची. सरांनी ते फळ्यावर 'कोटमा'च्या शेजारी लिहिले.

सगळंच मजेचं नव्हतं. इकेमेफुना नावाचा मुलगा तीन वर्षं कादंबरीचा नायक ओकोन्क्वो याच्या घरी वाढतो, त्याला बाप म्हणतो आणि शेवटी ज्याला बाप म्हणतो त्याच्याच हातून मारला जातो. बाप का मारतो? लोक आपल्याला कमकुवत म्हणतील या भीतीने. 'शूर, दयाळू व प्रामाणिक' लिहायला त्या दिवशी कुणी पुढे झालं नाही.

हेही नोंदवून ठेवतो की सरांचा पोर्शन मागे पडायचा, पालकांनी तक्रारी केल्या आणि आमच्या तुकडीचा इंग्रजीचा निकाल काही सांगण्यासारखा लागला नाही.

शेवटचं प्रकरण सरांनी दोनदा वाचलं. पंचवीस प्रकरणं आपण ओकोन्क्वोबरोबर काढलेली असतात. त्याने गळफास घेतल्यावर गोरा जिल्हा अधिकारी येतो. तो एक पुस्तक लिहिणार असतो, लोअर नायजरच्या रानटी टोळ्या आपण कशा शांत केल्या त्यावर. त्याला वाटतं, या माणसावर एक प्रकरण लिहिता येईल. मग वाटतं, प्रकरण नको, एक बऱ्यापैकी परिच्छेद पुरे. सर म्हणाले, "तो परिच्छेद लिहून आणा. तुम्ही साहेब." निवेदक म्हणजे काय हे शिकवायचा तो तास होता. मी चार ओळी लिहिल्या. सरांनी खाली लाल शाईने लिहिलं, 'साहेब म्हणून पास.'

मी पुढे महसूल खात्यात लागलो, आता मंडळ अधिकारी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, आणि नंतरचे दिवस आम्ही वाड्यावाड्यांतून पंचनामे करत फिरलो. पाय ठेवायला जागा नव्हती, पोफळी एकमेकींवर पडलेल्या. गट नंबर, क्षेत्र, झाडाचा प्रकार, पडलेली संख्या, टक्के, शेरा. एका वाडीत एक म्हातारे गृहस्थ माझ्यामागून हिंडत होते. म्हणाले, "सर्कलसाहेब, साल लिहा. वडलांनी बावन्न साली लावलीय ही."

"काका, सालाला रकाना नाही."

"मग कशाला आहे?"

"किती पडली, त्याला."

ते काही बोलले नाहीत. पडलेल्या पोफळीवर बसून राहिले. मी पुढच्या वाडीच्या बांधापर्यंत गेलो आणि परत आलो. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'वाडी खातेदाराच्या वडिलांनी सन १९५२ मध्ये लावलेली.' त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

आठवड्याने यादी टाइप होऊन माझ्याकडे सहीला आली. कागदाची रुंदी पुरत नाही म्हणून शेऱ्याचा रकाना काढून टाकला होता. मी सही केली.