तुले भूक लागली का?

माझ्या पुतण्याला भूक लागली की तो आईजवळ जाऊन तिलाच विचारतो, ‘तुले भूक लागली का?’ लहानपणापासून ताट वाढण्याआधी त्याच्या कानावर हाच प्रश्न पडत आला, म्हणून त्याच्या लेखी भुकेचे वाक्य हेच. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात कुणी त्याला ‘येडा’ म्हणत, कुणी बाहेरची बाधा सांगत. स्वमग्नता (ऑटिझम) हा शब्द घरात आला तेव्हा तो सात वर्षांचा होता.

त्याच्यावर मी एक कथा लिहायला घेतली होती. तिसऱ्या पानावर लक्षात आले की कथेतला मुलगा पावसाचा दिवस अचूक सांगू लागला आहे आणि ज्या गावाने त्याला हिणवले, तेच गाव पेरणी कधी करावी हे विचारायला त्याच्या ओट्यावर बसले आहे. ही विद्या त्याला मीच बहाल केली होती, कारण तिच्यावाचून तो कथेत टिकेल असा माझाच भरवसा नव्हता.

ही खोड माझी एकट्याची नाही. १९८८ च्या ‘रेन मॅन’ या चित्रपटातला स्वमग्न नायक आकडेमोडीत विलक्षण आहे, आणि डस्टिन हॉफमन यांना त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. गंमत अशी की, ज्यांच्यावरून ते पात्र सुचले त्या किम पीक यांच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा तंतूंचा पट्टाच जन्मतः नव्हता, आणि ते स्वमग्न नव्हते असेच मत पुढे मांडले गेले. २०१० च्या ‘माय नेम इज खान’च्या नायकालाही यंत्रे दुरुस्त करण्याचे कसब दिलेले आहेच.

पुतण्याला असे काही येत नाही. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले आणि डफडे वाजू लागले की तो कान दाबून कुटाराच्या खोलीत जातो व सरकीचे दाणे एका रांगेत मांडत बसतो. सगळे शांत झाल्यावर वहिनी पुरणपोळी घेऊन तिकडे जाते, पण रांग पूर्ण होईपर्यंत त्याला हाक मारत नाही. तिचे ते थांबणे मी पहिल्या खर्ड्यात लिहिलेच नव्हते.

नव्या खर्ड्यात पाऊस नाही, तोरण आहे आणि ती खोली आहे. एका स्नेह्याला तो वाचायला दिला, तर त्याने पेन्सिलीने एकच दुरुस्ती केली: ‘तुले’ खोडून ‘मले’. मी ती दुरुस्ती पुसून टाकली.