जुन्या पीसीवर विंडोज ११: फॉरमॅट न मारता बूट परत कसं आणलं

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा आमच्या सावद्याच्या ऑफिसातला पीसी त्यावरच होता. काकांचा केळीचा व्यापार आहे. टॅली, जीएसटीची रिटर्न्स, दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्यांचे हिशेब, सगळं त्या एकाच मशीनवर. चौथ्या पिढीचा आय३, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम. काम अगदी व्यवस्थित करतो, पण विंडोज ११च्या अटींत बसत नाही. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर हवा, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी बोर्डावरची सोय) हवं. काका म्हणाले, "केळीचा भाव आज एक, उद्या एक. त्यात चालतं मशीन कशाला मोडीत काढायचं भो?" मला ते पटलं.

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून एसएसडी आणली, रुफस या मोफत प्रोग्रामने इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह तयार केला. टीपीएम आणि सिक्युअर बूटची (मशीन चालू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर घेणारी सोय) तपासणी वगळायची सोय त्यातच आहे. साधा पेन ड्राइव्ह असेल तर सेटअप चालू असताना शिफ्ट आणि एफ१० दाबून रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, 'लॅबकॉन्फिग' नावाची की तयार करून तेच करता येतं. अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हे मी काकांना आधीच सांगितलं, आणि रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यायचा, हे दोघांनी मिळून ठरवलं. इन्स्टॉलेशन सुरळीत झालं. जुनी हार्डडिस्क जुन्या फाइलींसाठी आतच राहू दिली.

खरी गोष्ट पुढे सुरू झाली. काही आठवड्यांनी ती जुनी हार्डडिस्क टिकटिक करायला लागली आणि एका दुपारी बायोसला (मशीन चालू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला) दिसायचीच बंद झाली. त्याबरोबर विंडोजही बंद. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ: 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. टॅलीचा डेटा एसएसडीवर होता, विंडोज एसएसडीवर होतं आणि एसएसडी बायोसमध्ये नावासकट दिसत होती. मग ज्या डिस्कवर विंडोज नव्हतंच, ती गेल्यावर विंडोजने का थांबावं?

दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने न बघताच निकाल दिला: "अटी डावलून टाकलं ना भाऊ, जुन्या बोर्डावर असंच होतं. फॉरमॅट मारून पुन्हा दहा टाका." ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्यांचंही तेच मत. मला याचा मनापासून राग येतो. मशीन जुनं म्हटलं की प्रत्येक बिघाडाचं खापर त्याच्या वयावर फोडायचं आणि फॉरमॅट मारायचा. कारण शोधायचंच नाही. इतके दिवस तेच विंडोज त्याच बोर्डावर रोज चालू होत होतं, हा पुरावा कुणी विचारातच घेत नव्हतं.

म्हणून मशीन नेमकं कुठे थांबतंय ते बघितलं. बटण दाबल्यावर आधी बायोस जागं होतं, ते डिस्कवरच्या छोट्या ईएफआय पार्टिशनमधला (बूटच्या फाइलींसाठीचा वेगळा भाग) बूट मॅनेजर शोधतं, आणि तो बूट मॅनेजर विंडोजला हाक मारतो. निळ्या पडद्यावर 'रिकव्हरी' आलं तर बूट मॅनेजरपर्यंत तरी पोचलो असं समजायचं. काळ्या पडद्यावरची ती ओळ मात्र बायोसची असते. म्हणजे विंडोजची पाळी आलीच नव्हती. बायोसला बूट मॅनेजरच सापडत नव्हता.

इन्स्टॉलेशनचाच पेन ड्राइव्ह लावला, सेटअपच्या पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडली आणि डिस्कचे भाग दाखवणारं, बदलणारं डिस्कपार्ट चालवलं. 'लिस्ट डिस्क'मध्ये एसएसडीपुढे जीपीटीची (डिस्कची विभागणी करायची नवी पद्धत) चांदणी होती, ते ठीक. 'लिस्ट पार्टिशन'मध्ये १६ एमबीचं रिझर्व्ह्ड आणि मोठं प्रायमरी दिसलं, पण ईएफआय पार्टिशन नव्हतंच. कोडं तिथेच सुटलं. सेटअपच्या वेळी जुन्या डिस्कवर विंडोज १०चं ईएफआय पार्टिशन आयतं होतं. सेटअपने नवं न करता बूटच्या फाइली त्यातच टाकल्या. घर नव्या जागी बांधलं, पण पत्ता सांगणारा जुन्याच गल्लीत राहिला, आणि आता ती गल्लीच बंद झाली. नव्या, सगळ्या अटी पुऱ्या करणाऱ्या मशीनमध्येही दोन डिस्क लावून इन्स्टॉल केलं तर हेच होऊ शकतं. जुन्या बोर्डाचा यात काहीच दोष नव्हता.

दुरुस्ती अशी केली. कमांड अर्थातच रोमन अक्षरांतच टाइप करायच्या, इथे फक्त उच्चार देतो. डिस्कपार्टमध्ये विंडोजचा व्हॉल्यूम निवडून 'श्रिंक डिझायर्ड=३००' दिलं, म्हणजे शेवटी थोडी जागा मोकळी झाली. त्या जागेत 'क्रिएट पार्टिशन ईएफआय साइज=२६०', मग 'फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२', मग 'असाइन लेटर=एस'. इथला फॉरमॅट फक्त त्या नव्या रिकाम्या पार्टिशनचा आहे, त्यामुळे ही ओळ देण्याआधी कोणतं पार्टिशन निवडलेलं आहे ते शांतपणे वाचून घ्यावं. डिस्कपार्टमधून बाहेर येऊन 'डीआयआर' कमांडने विंडोजचं फोल्डर कोणत्या अक्षरावर आहे ते बघितलं. पेन ड्राइव्हवरून चालू केल्यावर नेहमीचं सी तिथे सी असेलच असं नाही, आमच्याकडे ते डी झालं होतं. बूटच्या फाइली नव्या पार्टिशनमध्ये टाकणारी शेवटची कमांड: 'बीसीडीबूट डी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय'. 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' असं उत्तर आलं. पेन ड्राइव्ह काढला, मशीन चालू केलं, टॅली जसंच्या तसं. काकांनी आधी त्या दिवसाच्या पट्ट्या (मालाच्या हिशेबाच्या पावत्या) काढून घेतल्या आणि मगच चहा मागवला.

यानंतर उन्हाळ्यात पुन्हा तीच ओळ पडद्यावर आली, तीही रात्रभर वीज गेल्यानंतरच्या सकाळी. या वेळी ईएफआय पार्टिशन जागेवर होतं. बायोस उघडलं तर तारीख बोर्डाच्या जन्मवर्षाची! सीएमओएसचा सेल, म्हणजे बायोसचं घड्याळ आणि सेटिंग सांभाळणारा बोर्डावरचा छोटा सेल, संपला होता. बोर्डाला वीज मिळत असते तोवर घड्याळ त्यावर चालतं, सेलवर भार येतो तो वीज पूर्ण तुटल्यावर. आम्ही रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करतो, वर भारनियमन, म्हणजे सेलच्या वाट्याला भरपूर काम. तीन व्होल्टचा सेल मल्टिमीटरवर अडीचच्याही खाली आला होता. सेल संपल्यामुळे बायोस मूळ सेटिंगवर गेलं, त्यात बूट मोड लेगसी (जुन्या पद्धतीचा) झाला, आणि लेगसीत जीपीटी डिस्कवरचं विंडोज चालू होत नाही. घड्याळाच्या दुकानात मिळणारा सीआर२०३२ सेल टाकला, बूट मोड यूईएफआय (नव्या पद्धतीचा) केला, यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' वर घेतला. तारीखही लगेच दुरुस्त केली, कारण तारीख चुकीची असेल तर सर्टिफिकेट जुळत नाही आणि ब्राउझर जीएसटीचं पोर्टल उघडू देत नाही.

या सगळ्याने हुरूप आल्यावर वजनकाट्याजवळचा कोअर २ ड्युओ पीसीही विंडोज ११वर न्यायचा विचार केला. त्या बाबतीत मात्र जुन्या हार्डवेअरचं कारण खरं आहे. २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई४.२ या अंगभूत आज्ञा (इन्स्ट्रक्शन्स) लागतात. इंटेलमध्ये त्या २००८च्या नेहॅलेम पिढीपासून आल्या, कोअर २मध्ये त्या नाहीत. तिथे कोणतीही तपासणी वगळून उपयोग नाही. आधीची २३एच२ चालली असती, पण तिच्या होम आणि प्रोचा सपोर्ट ११ नोव्हेंबर २०२५लाच संपला. त्यामुळे त्या पीसीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. टाकताना आत एकच डिस्क ठेवली, आणि सीएमओएसचा सेल आधीच बदलून घेतला.